शेवंताच्या हाताला दही लागेना

मी जिथे नर्स होते त्या कारखान्याच्या आवारात ताक प्यायला बंदी होती. दारूला असते तशी. फाटकाजवळ पाटी लावलेली होती आणि पाटीखाली उभा राहून रखवालदार बायकांचे डबे हुंगायचा. आज कुणाला हे सांगितलं तर लोक हसतात. मीही हसते, पण त्या हसण्यात थोडा राग अजून शिल्लक आहे आणि तो मी मुद्दाम जपून ठेवला आहे.

मासिकाच्या संपादकबाईंनी मला सेवेतले हृद्य प्रसंग लिहायला सांगितलं होतं. हृद्य म्हणावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. भांडणं मात्र पुष्कळ आहेत. त्यातलं एक लिहिते, छापायचं तर छापा.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरीला पेनिसिलिन तयार करणारा मोठा सरकारी कारखाना निघाला तो सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्याच्याबद्दल बोलत नाही. आमचा कारखाना त्याच पट्ट्यात मुंबई-पुणे रस्त्याला लागून होता, पण खाजगी आणि अगदी लहान. तो पुढे बंदही पडला. आमच्याकडे औषध तयार होत नसे. पेनिसिलिनची पांढरी पूड डब्यांतून यायची, ती छोट्या काचेच्या कुप्यांत भरायची, रबरी बूच बसवायचं, वर पत्र्याची टोपी दाबायची, चिठ्ठी चिकटवायची. डॉक्टर त्या कुपीत पाणी सोडून इंजेक्शन द्यायचे. एवढाच आमचा धंदा.

हे भरण्याचं काम बायकांकडे होतं, कारण बारीक काम. खिडक्या बंद असलेल्या एका दालनात टेबलांच्या रांगा, अंगात पांढरे झगे, डोक्याला रुमाल. बाहेरचा जंतू आत जाऊ नये म्हणून केवढी काळजी. भिंती रोज पुसायच्या, चपला बाहेर, बोलायचंसुद्धा कमी. आतली पूड बायकांच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून मात्र कुणी काही केलं नव्हतं. यंत्राच्या तोंडाशी ती पिठाच्या गिरणीतल्यासारखी उडायची. संध्याकाळी बायका बाहेर पडल्या की त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या.

त्या औषधाला मी नावं ठेवणार नाही, हे आधीच सांगते. पुण्याच्या इस्पितळात शिकत असताना एक बाळंतीण तापाने फणफणलेली, तिच्या आईने आशा सोडलेली, आणि याच पुडीच्या इंजेक्शनांनी ती उठून बसलेली मी पाहिली आहे. त्याआधी अशा बायका जायच्याच. म्हणून चाकणच्या घरून वडिलांनी विरोध केला तरी मी हट्टाने ही नोकरी धरली. माणसं वाचवणाऱ्या वस्तूच्या कारखान्यात आपण काम करतो याचा मला ताठा होता. अजून आहे.

माझा दवाखाना म्हणजे फाटकाजवळची एक खोली. पुण्याहून डॉक्टर अधूनमधून मोटारसायकलवर यायचे, बाकी सगळं मीच. गिऱ्हाईकं एकेक नग. एक हमाल होता, त्याला डोकं दुखो की टाच, इंजेक्शनच हवं असायचं. औषधाच्या कारखान्यात राहून गोळी खायची म्हणजे त्याला अपमान वाटायचा. त्याला मी एकदा नुसत्या मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला लावलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पण भरणीच्या दालनातल्या बायकांचं दुखणं वेगळं होतं. तोंड आलेलं, जिभेवर पांढरा थर, अंगाला खाज आणि पोट सारखं बिघडलेलं. पोटाचं कुणी आपणहून सांगायचं नाही, मला चेहऱ्यावरून काढून घ्यावं लागायचं. मॅनेजरसाहेबांचं ठरलेलं उत्तर होतं की खेड्यातल्या बायका आहेत, नदीचं पाणी पितात, आणखी काय होणार. पण त्याच गावातल्या, तेच पवनेचं पाणी पिणाऱ्या, पण दुसऱ्या खोलीत चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या बायका ठणठणीत होत्या. हे मी साहेबांना एकदा म्हटलंही. ते म्हणाले, योगायोग.

शेवंता याच दालनातली. ताथवड्याची लेक, पिंपरी गावात दिलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कारखान्याची जमीन तिच्या सासरच्यांची. जमीन घेताना साहेबांनी गावासमोर शब्द दिला होता की घरातल्या एका माणसाला काम देऊ. नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत लागलेला होता, म्हणून सून कारखान्यात आली. तिच्या दोन्ही हातांत कोपराकडे सरकलेला हिरवा चुडा होता. भरणीत बांगड्या चालत नाहीत असं साहेबांनी सांगून पाहिलं, पण एकाही बाईने बांगडी उतरवली नाही. शेवटी तडजोड म्हणून बांगड्यांवरून मलमलीची पट्टी गुंडाळायची असं ठरलं. साहेबही खूश, बायकाही खूश. ही तडजोडच पुढे सगळ्यांना भोवली.

एक दिवस शेवंता दवाखान्यात येऊन नुसती उभी राहिली. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले. मला वाटलं दिवस गेले असतील. तर ती म्हणाली, "सिस्टर, हाताला लावायला काही औषध हाय का? माझ्या हाताला दही लागत न्हाई."

मी तिला बसवलं आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. त्यांच्या घरी म्हशी होत्या आणि विरजण लावायचं काम नव्या सुनेचं. कोमट दुधात विरजण घालायचं आणि बोटाने ढवळायचं, तसा त्यांच्या घरचा रिवाज होता, पळी चालत नसे. कारखान्यात लागल्यापासून तिने लावलेलं दही लागेचना. सकाळी पाहावं तर दूध जसंच्या तसं, पातळ आणि गोड. नासायचंसुद्धा नाही. सासूने एकदा स्वतः लावलं तर कवडीसारखं लागलं. पुन्हा हिने लावलं, पुन्हा दूध. गल्लीत बोलणं सुरू झालं होतं की हिचा हात वाईट, हिच्या हाताला बरकत नाही. आता सासू तिला ताथवड्याला पाठवायचं म्हणत होती. पोट किती दिवसांपासून बिघडलंय, असं मी विचारल्यावर ती रडायलाच लागली. कामाला लागल्यापासून, असं तिने सांगितलं.

मला तेव्हा लगेच काही उमगलं नाही. ती गेल्यावर मी टेबलाकडे पाहिलं, तर जिथे तिने हात टेकला होता तिथे पांढरा ठसा उमटलेला होता. पट्टी आणि बांगड्या यांच्यामध्ये पूड साठायची आणि दिवसभर झिरपत राहायची. हात धुतले तरी मनगटाच्या वरचं तसंच राहायचं. आणि दही म्हणजे काय, हे आम्हाला शिकवलेलं होतं. दही म्हणजे जंतूच. चांगले, पण जंतू. ही पूड जंतू मारायलाच तर केलेली.

मी चिंचवडला माझ्या खोलीवर दुधाची दोन भांडी लावली. एकात नुसतं विरजण, दुसऱ्यात विरजण आणि टेबलावरचा तो ठसा पुसलेल्या कापसाचा बोळा. पहिलं छान लागलं. दुसरं दूधच राहिलं. आपल्या पोटातही असेच जंतू नांदत असतात, अन्न पचायला मदत करतात, वाईट जंतूंना जागा देत नाहीत. जी पूड पातेल्यातलं विरजण मारते ती रोज गिळल्यावर पोटातलं विरजण जिवंत ठेवील कशी? शेवंताचा हात आणि शेवंताचं पोट, दोन्हीचं दुखणं एकच होतं. आणि लोक बोल लावत होते तिच्या नशिबाला.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझी टिंगल केली नाही, हे कबूल करायला हवं. असं त्यांनीही वाचलं होतं. या औषधांनंतर पोट बिघडतं, तोंड येतं, आणि काही ठिकाणी दही-ताक देऊन पाहतात, असं ते म्हणाले. खरा उपाय म्हणजे तिला त्या पुडीतून बाहेर काढायचं, ताकाने मदत झाली तर झाली. मग साहेबांना लिहून द्या, असं मी म्हटलं. त्यांनी मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवली आणि म्हणाले की लिहून दिलं तर दालनात पूड उडते हे कारखान्याने मान्य केल्यासारखं होईल, आणि मग आपल्याला पुन्हा इथे बोलावणार नाहीत. खोटं बोलले नाहीत. पण लिहूनही दिलं नाही.

मग मी माझ्यापुरतं सुरू केलं. दवाखान्यात ताकाचा माठ ठेवला. भरणीच्या बायका जेवणाच्या सुट्टीत यायच्या, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायच्या, चूळ भरायच्या, मग पेलाभर ताक. थोड्याच दिवसांत दोघीतिघींचं तोंड बरं झालं. आता ते ताकाने, की चूळ भरल्याने, की हात धुऊन जेवल्याने, हे मला विचारू नका. मी कधीच छातीठोकपणे सांगितलेलं नाही. टायफॉइडच्या रोग्याला ताक पाजून बरं करतो म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. पण बायकांना बरं वाटत होतं, एवढं मी डोळ्यांनी पाहत होते.

साहेबांना कळलं. ते स्वतः दवाखान्यात आले, माठात डोकावले आणि म्हणाले, आपण जंतू मारणारं औषध भरतो आणि तुम्ही इथे जंतूंचा माठ भरून ठेवता? त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. कुपीत जंतू गेला तर रोग्याच्या जिवाशी खेळ. म्हणून तर मी हात धुतल्याशिवाय कुणाला दालनात परत जाऊ देत नव्हते. पण त्यांना ऐकायचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी फाटकाला पाटी लागली. आवारात दही, ताक आणण्यास सक्त मनाई.

पाटीपाठोपाठ शेवंताची पाळी आली. ती वारंवार रजा घेते, तेव्हा पोट मुळातच नाजूक असल्याने ती कामाला योग्य नाही, असं दवाखान्याने लिहून द्यावं असा साहेबांचा हुकूम आला, म्हणजे मी लिहून द्यावं. महिनाअखेर तिला कमी करायचं ठरलं होतं. मला साहेबांच्या खोलीत बोलावलं. ते गोड बोलत होते. म्हणाले, तिच्याच भल्यासाठी आहे, घरी आराम मिळेल.

मला डोळ्यांसमोर तिचं घर दिसलं. नोकरी गेली, वर हात वाईट आणि आता कारखान्याचाच शिक्का की पोटही वाईट. त्या मुलीला ताथवड्याला सोडून यायला सासूला आणखी काय हवं होतं?

"तिचं पोट नाजूक नव्हतं, साहेब," मी म्हटलं. "इथे येऊन झालं. मी दुसरं काही म्हणणार नाही."

ते म्हणाले, तुमची नेमणूक वर्षावर्षाची आहे हे लक्षात असू द्या. मी म्हटलं, लक्षात आहे.

त्या संध्याकाळी मी सरळ पिंपरी गावात तिच्या घरी गेले. सासू, भागूबाई, गोठ्यात धार काढत होती. उंच, हाडापेराने दणकट, कपाळावर मोठं गोंदण. मी नर्स म्हटल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि धार काढत राहिली. मी सगळं सांगितलं. पूड, पट्टी, बांगड्या, दही. तिचा विश्वास बसला नाही. औषधानं मानसं बरी व्हत्यात, दही कसं मरंल, असं ती म्हणाली. प्रश्न चोख होता. मी म्हटलं, वाद नको, तुमच्या समोर करून बघू.

शेवंताने बांगड्या उतरवायचा प्रश्नच नव्हता, तो विषय मी काढलाही नाही. पट्टी सोडून फेकली. गरम पाणी, साबण, प्रत्येक बांगडी सरकवून तिच्याखाली घासलं. पाणी पांढरं झालं ते भागूबाईने पाहिलं. पुन्हा पाणी, पुन्हा साबण. मग शेवंताने बोट बुडवून विरजण लावलं. भागूबाईने ते भांडं स्वतः उचलून चुलीजवळ ठेवलं आणि मला जेवून जा म्हणाली. म्हणजे वैर संपलं नव्हतं, पण माणुसकी सुटली नव्हती.

सकाळी शेवंता धावत दवाखान्यात आली. पळी उभी राहील असं दही लागलं होतं. सासूबाई काय म्हणाल्या, असं मी विचारलं. त्यांनी आतून मोठा डेरा काढला आणि ताक घुसळायला लागल्या, असं तिने सांगितलं.

दुपारी जेवणाचा भोंगा झाला. फाटकाबाहेर एक जुनी बाभूळ होती. तिच्याखाली भागूबाई बसली होती, पुढ्यात ताकाचा डेरा, शेजारी वाट्यांचा ढीग आणि हात धुवायला पाण्याची घागर. रखवालदाराने हटकलं तर तिने त्याला एक वाटी दिली. भरणीच्या बायका एकेक करून बाहेर आल्या. मग चिठ्ठ्या चिकटवणाऱ्याही आल्या. तो इंजेक्शनवाला हमालसुद्धा आला.

साहेब आले. पाटीकडे बोट दाखवून म्हणाले की इथे ताकाला मनाई आहे. भागूबाई उठली नाही.

"तुमची हद्द बाभळीपतूर, साहेब. हितनं फुडं आमचं हाय. तुमीच खुणा रोवल्या, इसारला का?"

साहेबांनी खरोखरच खुणेच्या दगडाकडे पाहिलं. दगड बाभळीच्या अलीकडे, फाटकाच्या बाजूला होता. सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला, पण एकही आत गेली नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, मी तर मुळीच नाही. फक्त कुणाचा पाय उचलला नाही.

मग भागूबाई उठली. "ह्याच बाभळीखाली तुमी शब्द दिला व्हता, घरातल्या येका मानसाला काम दीन. आन आता सुनंला काढताय? म्या माझ्या पोरीला वंगाळ बोलले, लई बोलले. तिचा हात वंगाळ न्हाई. तुमची धूळ वंगाळ हाय." तिने वाटी भरली आणि त्यांच्यापुढे धरली. "घ्या. तिच्या हातच्या दह्याचं हाय."

सगळा कारखाना बघत होता. नाही म्हणावं तर गावाशी वैर, घ्यावं तर स्वतःचीच पाटी मोडायची. साहेब वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. त्यांनी वाटी घेतली आणि उभ्या उभ्या संपवली.

"आंबट आहे," ते म्हणाले.

"ताक हाय ते," भागूबाई म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं आणि साहेबांनाही हसू आलं. शेवंताला चिठ्ठ्यांच्या खोलीत बसवा, असं ते मुकादमाला म्हणाले आणि आत गेले. मागोमाग बायका गेल्या. पुढे दालनात पूड ओढून घेणारा पंखा बसला, तोंडाला बांधायला फडकी मिळाली, बाहेर पडताना कोपरापर्यंत हात धुवायला नळ आले. बांगड्यांवरच्या पट्ट्या गेल्या, त्या जागी लांब हातमोजे आले. पाटी मात्र कुणी काढली नाही. ती तिथेच गंजली, आणि बाभळीखालचा डेरा तिच्या डोळ्यांदेखत रोज भरत राहिला.

माझी नेमणूक पुढच्या वर्षी झाली नाही. कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वाईट वाटलं का? वाटलं. मला तो कारखाना आवडत होता. त्या कुप्यांनी कुठे कुठे माणसं वाचत असतील हा विचार करायला मला आवडायचं, आणि तो मान माझ्याकडून काढून घेतला गेला. माझ्या जागी आलेल्या मुलीला माठ ठेवायची परवानगी मिळाली, असं ऐकलं. बरं झालं म्हणायचं की रडायचं, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही.

आता पोटातल्या चांगल्या जंतूंच्या गोळ्या मिळतात. जंतू मारणाऱ्या गोळ्यांबरोबरच डॉक्टर त्या लिहून देतात. माझ्या नातवाच्या डॉक्टरांनी त्या मला समजावून सांगितल्या, अगदी सावकाश, म्हातारीला समजेल अशा. मी ऐकून घेतलं.

शेवटच्या दिवशी सामान घेऊन फाटकाबाहेर पडले तेव्हा बाभळीखाली भागूबाईच्या जागी शेवंता बसली होती. अंगाने भरली होती, ओठ बरे झाले होते, चुडा मनगटावर खळखळत होता. सासू घरी का, असं मी विचारलं. तिने वाटी भरून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आत्याबाई म्हनल्या, आता तूच जा. तुझ्या हातचं लोकान्ला बरं लागतंय."

मी ती वाटी तिथेच उभी राहून प्यायले. मग दुसरी मागून घेतली.